पेटीच्या झाकणामागे

१

एक होतं घर. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि मधे बोळासारखी अरुंद वाट. त्या घरात राहायचे एक वायरमन, त्याची अडाणी बायको, चष्म्याच्या काचा घासणारा मुलगा आणि घरी बसून शिवणकाम करणारी सून. वायरमन गेला. उरले तिघं. त्यातली अडाणी बायको म्हणजे मी.

त्या बोळात, माझ्या डोक्याहून वीतभर वर, भिंतीत लाइटची पेटी होती. करडा पत्रा, चार स्क्रूंचं झाकण, मधल्या फटीतून खटके बाहेर आलेले. घर बांधलं तेव्हा ह्यांनी ती स्वतःच्या हाताने बसवली. मला अक्षर येत नाही, म्हणून प्रत्येक खटक्याखाली रंगाने चित्र काढलं. स्वयंपाकघराला पातेलं, न्हाणीघराला बादली, मुलाच्या खोलीला खुर्ची, आमच्या खोलीला खाट.

मी म्हटलं, "ही खाट? बकरी दिसतेय."

"चार पाय मोजलेस ना? मग पास झालीस," म्हणाले.

तेव्हापासून आमच्या खोलीचा खटका म्हणजे बकरी. सून नवी आली तेव्हा तिला मी सांगितलं, "बकरी पडली तर वर कर," आणि ती बिचारी खिडकीतून खाली वाकून बघायला लागली.

रोज कामाला निघताना हे बोटं उलटी करून, पेरांनी, झाकणावर दोनदा वाजवायचे. टक, टक. मी विचारलं, सरळ हात का लावत नाही? म्हणाले, "पत्र्यात करंट उतरला असला तर तळहात लावला की मूठ आवळते, सुटत नाही. उलटा हात आपोआप मागे येतो. ओळखीची असली तरी पेटीला उलट्या हातानेच भेटायचं." आणि एक गोष्ट मला पन्नासदा घोकून घेतली होती. खटका पडला तर एकदा वर करायचा. पुन्हा पडला तर हात लावायचा नाही, जाणता माणूस बोलवायचा. "त्याला काहीतरी दुखतंय म्हणून तो पडतो. तू त्याला परत परत उभं करशील तर मरेल, आणि आपल्याला घेऊन मरेल."

हे गेले ते कागदाच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, खुर्चीत बसल्या बसल्या. करंटने नाही, हृदयाने. लोक विचारतात म्हणून सांगते.

२

ह्यांना जाऊन वर्ष उलटून दोन महिने झाले असतील. मुलगा दुकानात. सून तिच्या खोलीत मशीन चालवत होती. मी बोळात बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. दुपारची तीनची वेळ, उजेड भरपूर.

टक, टक.

आधी वाटलं, सुनेची कात्री पडली. मग मशीन थांबलं, तिने दोरा ओवला असेल, आणि त्या शांततेत पुन्हा आलं. डोक्यावरून. टक, टक.

मी काही खुळी नाही. मनाशी म्हटलं, पाल असेल. पत्रा उन्हाने तापून वाजत असेल. पण बोळात ऊन येत नाही, आणि पालीला नेमकं दोनदाच कशाला वाजवायचंय? स्टुलावर चढले, कान लावला. आत बारीक गुणगुण होती, माणूस काम करता करता तोंडातल्या तोंडात गातो तशी. हात लावला. तळहात लावला, सरळ. ह्यांनी शिकवलेलं त्या क्षणी विसरले.

पेटी कोमट होती. उन्हातून चालत आलेल्या माणसाची पाठ असते तेवढी.

सगळं घर थंड होतं. ह्यांची खाटेची बाजू थंड, ह्यांचा पेला थंड, खुंटीवरचा सदरा थंड. एका जागी ऊब होती, आणि ती ह्यांनी हाताने बसवलेल्या वस्तूत होती. दुसऱ्या कोणी काहीही समजलं असतं. मी हेच समजले.

कोणाला सांगितलं नाही. घड्या घालायच्या निमित्ताने रोज तिथे बसायला लागले.

३

सुनेला सातवा महिना लागला होता. त्याआधी दोनदा तिची कूस रिकामी झाली होती, एकदा तिसऱ्या महिन्यात, एकदा पाचव्यात. पाचव्यातल्याचं झबलं शिवून झालं होतं. ते तिने उसवलं नाही, कपाटात खाली दडवून ठेवलं. ह्या खेपेला तिने टाका घातला नव्हता. लोकांचे कपडे शिवायची, स्वतःच्या बाळाला चिंधीसुद्धा कापायची नाही.

ती तोंडाने फटकळ, पण डोळ्याने पक्की. सगळ्यात आधी तिलाच दिसलं.

"आई, इस्त्री लावली की दिवा मंद होतो. मग अचानक डोळे फाडून बघतो."

"जुनं घर आहे," मी म्हटलं.

"मागच्या वर्षी ह्याच घरात नव्हता होत."

चार दिवसांनी म्हणाली, "बोळात मासळीचा वास येतोय. शिळ्या मासळीचा. तुम्हाला नाही येत?"

येत होता. आमच्याकडे आठवडाभर मासळी शिजली नव्हती. मी म्हटलं, "डोहाळे लागलेत तुला."

"सातव्या महिन्यात? आई, डोहाळेसुद्धा वेळापत्रक बघून येतात."

मग बकरी पडायला लागली. आधी दिवसातून एकदा, मग तीनदा, मग मोजणं सोडलं. मी स्टुलावर चढून वर करायची. ह्यांनी घोकून घेतलेलं मला पाठ होतं, तरी वर करायची, कारण खटका वर केला की आतून लगेच यायचं, टक, टक. मी हाक दिली आणि ओ मिळाली, असं वाटायचं. चौदा महिन्यांत मला कोणी ओ दिली नव्हती.

एका संध्याकाळी सुनेने मुलासमोरच विषय काढला. "न्हाणीघरातल्या नळाला हात लावला की बोटांना मुंग्या येतात. टेस्टरकाकांना बोलवा."

टेस्टर म्हणजे ह्यांचा कारखान्यातला जोडीदार. कानामागे पेन्सिलीसारखा टेस्टर खोचून फिरायचा, म्हणून सगळं जग त्याला टेस्टरच म्हणायचं.

मी म्हटलं, "ती पेटी ह्यांच्या हातची आहे. ती कोणी उघडायची नाही."

"आई, देव्हारा आहे का तो?"

"तसंच समज."

मुलगा ताटात बघत राहिला. तो बापाच्या मायेचा आणि आईच्या धाकाचा. बायकोला म्हणाला, "थोडे दिवस जाऊ दे. आईला वाईट वाटतं."

"बरं," सून म्हणाली. "सासरे गेले, पण सासुरवास पेटीत ठेवून गेले." म्हणाली हसत, पण उठताना नळाकडे बघून हात मागे घेतला. ते मी पाहिलं. पाहूनही गप्प बसले. हे मला आजही बोचतं.

४

मग तो दिवस. सकाळी अकराला सगळ्या गल्लीची लाइट गेली. समोरच्या गिरणीचा पट्टा थांबला, शेजारचा रेडिओ गाणं अर्धं टाकून बंद पडला. सून दवाखान्यात तपासायला गेली होती. मी एकटी.

लाइट गेली की पेटीही गप्प असणार, हे मलाही कळतं. आत यायलाच काही नाही तर वाजणार काय? म्हणून मी जरा उदासच झाले. स्टूल ओढून पेटीखाली बसले.

टक, टक.

मी श्वास धरला. बोळाच्या टोकाला दारातून उजेड येत होता. त्यात धूळसुद्धा हलत नव्हती.

टक, टक. टक.

तीनदा. आजवर कधी तीनदा नव्हतं झालं. मग चारदा. मग मोजता येईना. न्हाणीघराची कडी बाहेरून लागलेल्या माणसाने आतून वाजवावं, तसं. आधी लाजत, मग घाईने. मी उठून हात लावला आणि झटकन मागे घेतला. कोमट नव्हती आता. चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखी होती, आणि लाइट गल्लीभर नव्हती.

तेव्हा मला एक गोष्ट सुचली, आणि ती सुचल्यावर मी भिंतीला पाठ लावून उभीच राहिले. हे वाजवायचे ते बाहेरून. बोळात उभे राहून, कामाला निघताना. हा आवाज बाहेरून नव्हता.

मी विचारलं, मोठ्याने, "काय हवंय तुम्हाला?"

आवाज थांबला. एकदम, हाताने धरून थांबवल्यासारखा.

मग लाइट आली. गिरणीचा पट्टा फिरायला लागला. बकरी खाली पडलेली होती. तिच्या पायाशी पत्र्याचा रंग तपकिरी झाला होता, दूध उतू जाऊन करपलं की भांड्याच्या काठावर येतो तसा.

मी ती वर केली. देवाशपथ, तरीही वर केली. रागावलेत, म्हटलं, राहू दे, आहेत तर खरे.

५

दोन दिवसांनी, दुपारी, न्हाणीघरातून बादली पडल्याचा आवाज आला. आणि मग काहीच नाही.

धावले. सून ओल्या फरशीवर बसलेली. नळ वाहत होता. तिचा उजवा हात मांडीवर असा पडला होता जणू दुसऱ्या कोणाचा तरी आहे.

"नळाने धरलं मला," ती म्हणाली. "सोडतच नव्हता. पाय घसरला म्हणून सुटले."

मी तिला ओढत बाहेर आणलं, अंग पुसलं, कोरडे कपडे दिले, पाणी पाजलं. ती पोटावर हात ठेवून बसली. मी तिच्यासमोर बसले. जेवण झाल्यावर बाळ रोज लाथा मारायचं. ती म्हणायची, जेवणात मीठ कमी पडलंय म्हणून भांडतंय. आता ती वाट बघत होती. भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा खाली गेला, परत वर आला.

"आई," ती म्हणाली, "हलत नाहीये."

"झोपलं असेल."

"आई, हलत नाहीये."

मुलाला दुकानातून बोलावलं. तो घासायची पांढरी पूड लागलेल्या हातांनीच गाडी घेऊन आला. तिला बसवताना तिने माझ्याकडे पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. फक्त म्हणाली, "आता तरी उघडा."

गाडी वळणावरून गेली. मी दार लावून आत आले. आणि आत आल्याबरोबर बोळातून सुरू झालं. थांबत नव्हतं. मधे श्वास घेत नव्हतं. झाकणाचा पत्रा थरथरताना मला डोळ्याने दिसत होता. वर धूर नव्हता, ठिणगी नव्हती, फक्त तो वास आणि ते वाजवणं. आणि मला इतक्या दिवसांनी कळलं की ही ओ नव्हती. कोणी मला ओ देतच नव्हतं. कोणीतरी मला हाका मारत होतं, आणि मी ऊब घेत बसले होते.

पायात रबरी चप्पल घातली. ह्यांनी कसं उभं राहायचं ते दाखवलं होतं, तशी कोरड्या लाकडी स्टुलावर उभी राहिले, आणि सगळ्यात वरचा मोठा खटका खाली ओढला. घरातलं सगळं विझलं.

वाजणं विझलं नाही.

६

शेजारणीकडून निरोप धाडला, तसे टेस्टर भावोजी अर्ध्या तासात आले. एरवी दारातूनच थट्टा सुरू करणारा माणूस. त्या दिवशीसुद्धा म्हणाले, "काय वहिनी, आज आठवण झाली? मला वाटलं, आता तुम्ही मला जमेतच धरत नाही." मग माझं तोंड पाहिलं आणि सरळ आत शिरले.

बोळात येऊन ते उभे राहिले. मान तिरकी केली.

"मेन पाडलाय ना?"

"पाडलाय."

"मग हे काय वाजतंय?"

त्यांनी बाहेर जाऊन खांबावरून येणारी तारही काढली. परत आले. आता पेटी गप्प होती. टेस्टर लावला, तो पेटला नाही. मग त्यांनी हात उलटा करून झाकणाला लावला, तसाच, ह्यांच्यासारखा, आणि मला बाजूला बघावं लागलं.

स्क्रूंवर ह्यांनी रंगाचा ठिपका दिला होता, घर रंगवताना. चारही ठिपके जसेच्या तसे होते. भावोजींनी नखाने ते खरवडले, स्क्रू काढले, झाकण उतरवून माझ्या हातात दिलं. आत बघितलं आणि खालीच बसले.

"वहिनी, हे घर उभं कसं आहे?"

त्यांनी मला दाखवलं. एक पितळेची पट्टी, तिच्यावर सगळ्या परतीच्या तारा येतात. तिचा स्क्रू वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याने सैल झालेला. तारेवरचं रबर जळून कोळसा झालेलं, मासळीचा वास तो. तांबं निळं पडलेलं. आणि जमिनीत जाणारी तार, जी नळात उतरलेला करंट गिळून टाकते, ती सडून तुटलेली.

"चूक त्याची नाही," म्हणाले. "त्याने चोख बसवली होती. पण कोणाचीही असो, दोन-चार वर्षांनी स्क्रू आवळावे लागतात. तो असता तर त्याने आवळले असते." मग त्यांचा आवाज चढला. "दिवा मंद झाला, वास आला, गरम लागली, वाजली, खटका रोज पडला, नळाने मुंग्या दिल्या. आणखी काय करायला हवं होतं हिने? पत्र पाठवायला हवं होतं? तुम्हाला तर वाचताही येत नाही!"

बोलले आणि ओशाळले. मला राग आला नाही. मला वाटलं कोणीतरी पहिल्यांदा खरं बोललं.

तेवढ्यात त्यांची नजर माझ्या हातातल्या झाकणावर गेली. मी ते उताणं धरलं होतं, आतली बाजू वर. आत काजळी धरली होती, दाट, मखमलीसारखी. त्यांनी ते माझ्याकडून घेतलं, दारातल्या उजेडात नेलं. मी मागून गेले.

काजळीत चार गोल पुसलेले ठसे होते. एका ओळीत, मधले दोन जरा वर. त्यांच्या शेजारी तसेच चार. खाली तसेच चार. सगळं झाकण भरलेलं होतं. काही ठिकाणी काजळी पत्र्यापर्यंत गेली होती, पुन्हा पुन्हा त्याच जागी वाजवून.

भावोजींनी आपला हात उलटा केला. मूठ अर्धी मिटली. पेरं ठशांच्या जवळ नेली. टेकवली नाहीत. हात तसाच हवेत राहिला.

"वहिनी, हे झाकण कोणी उघडलं होतं?"

"रंगाचे ठिपके तुम्हीच खरवडलेत."

त्यांनी खिशातून फडकं काढलं. पुसणार होते. मग फडकं परत खिशात ठेवलं, झाकण जुन्या कागदात गुंडाळलं आणि पिशवीत घातलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"ही मी नेतो," म्हणाले.

"माळ्यावर राहू द्या ना. एका कोपऱ्यात."

"नाही वहिनी. आता त्याला सोडा."

ते पेटी म्हणाले नाहीत.

७

संध्याकाळपर्यंत दोन माणसं लावून त्यांनी नवी पेटी बसवली, नवी तार जमिनीत सोडली, नळाला स्वतः हात लावून दाखवला, आधी उलटा, मग सरळ. जुनी पेटी स्कूटरवर पायांपाशी ठेवली आणि निघाले. मी दारात उभी. स्कूटर गल्लीतून जाताना टकटक ऐकू येत होती. खड्ड्यांनी झाकण आदळत असेल, म्हटलं. मग आठवलं, झाकण तर कागदात गुंडाळून पिशवीत होतं.

वळणावर दोनदा ऐकू आलं. हे कामाला निघाले की व्हायचं तेवढंच. मग नाही.

मी आत आले. नवी पेटी पांढरी, थंडगार. तिच्यावर अक्षरं होती. त्या दिवशी मी दुसऱ्यांदा विधवा झाले, आणि ह्या खेपेला रडायला कोणी शेजारीण आली नाही.

आठच्या सुमाराला मुलाचा फोन आला. दोनदा नुसतं 'आई' म्हणाला. म्हटलं, बाबा, जे असेल ते सांग. म्हणाला, "ठोके आहेत, आई. मशीनवर ऐकले. दोघंही ठीक आहेत. इथेच ठेवणार आहेत थोडे दिवस."

सून घरी आली ती माझ्याशी बोलली नाही. जेवण वाढलं की जेवायची, विचारलं की मान हलवायची. आठवा महिना असा गेला, नववाही. मी तिला एवढंच सांगितलं, "चूक माझी होती. मला ते एकटे वाटले." ती दोरा दातांनी तोडत होती. तोडून झाल्यावर म्हणाली, "तुम्ही एकट्या होतात, आई. ते नाही." त्या रात्री तिने कपाटातलं खालचं झबलं काढलं, धुतलं, आणि दोरीवर सगळ्यांना दिसेल असं वाळत घातलं.

मग दिवस भरले आणि मुलगी झाली. काळ्याभोर जावळाची, तीन किलोची, आल्या आल्या सगळा दवाखाना डोक्यावर घेणारी. मुलाने चष्मा तीनदा पुसला, तरी त्याला नीट दिसेना. घरी आणलं त्या दिवसापासून आमच्या घराची दशाच बदलली. गिरणीवालीने तिच्या सगळ्या नातींचे फ्रॉक सुनेकडे टाकले, सुनेचं मशीन दिवसभर थांबेना, आणि मुलाला दुकानदाराने सांगितलं की आता काचा दुसरा घासेल, तू गल्ल्यावर बस. एवढं भाग्य एकदम आलं की ठेवायला जागा पुरेना.

पण मी सांगते ते भाग्य वेगळं. एका सकाळी मी बोळात बसले होते, अशीच, हात रिकामे. सून खोलीतून आली. एका कडेवर मुलगी, दुसऱ्या हातात कापलेलं कापड, तोंडात टाचण्या. मुलगी टाहो फोडत होती. तिने टाचण्या हातात घेतल्या आणि मुलीला माझ्या मांडीत टाकलं.

"आई, हिला घ्या बघू. मला फ्रॉक संपवायचेत, आणि ही बया ऐकत नाही कोणाचं."

"माझं ऐकेल?"

"नाही ऐकायची. पण तुम्ही ऐका तिचं."

मी ऐकत बसले. ती केवढी तरी गरम होती.